लेकरांचा वर्ग

फेब्रुवारी सरत आला की राजापेठेतले दुकानदार कूलर फुटपाथवर आणून मांडतात. नव्या ताट्यांतल्या गवतावर पाणी मारून दाखवायची त्यांची घाई असते, आणि तो ओला, गोडसर वास ट्यूशन सुटलेल्या पोरांच्या गाड्यांच्या धुरातूनही वाट काढत येतो. हातगाड्यांवर मृग बहाराची शेवटची संत्री असतात, साल सुरकुतलेली पण आत साखर. भाजीवाली म्हणते, आला वो बाई उन्हाळा. मी मान हलवते. माझ्या मनात मात्र दुसरंच काही आलेलं असतं.

लेंट आलेला असतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्या ख्रिस्ती घरांत या दिवसांत मटण बंद होतं, लग्नं धरत नाहीत आणि संध्याकाळी उपासनेला जायचं असतं. मी काही फार मोठी भाविक बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. उपदेश लांबला की माझं लक्ष घड्याळाकडे जातं आणि घड्याळाकडून घरच्या कुकरकडे. पण हा वास आला की मला मी आठवीत होते ते वर्ष आठवतं. इतकं आठवतं, की रस्त्यात स्कूटी बाजूला घेऊन क्षणभर थांबावंसं वाटतं. तो लेंट मला परत पाहिजे. देवाजवळ मागायच्या गोष्टींत हे बसत नाही, तरी मी मागते.

त्या वर्षी आमच्या चर्चला छप्पर नव्हतं. म्हणजे होतं, पण वाळवीने वासे असे पोखरले होते की नाताळात गीत जोरात म्हटलं तर वरून भुसा पडायचा. पंचांनी ठरवलं, शेतांत उलंगवाडी होऊ द्या, कापसाची शेवटची वेचणी संपून माणसं रिकामी झाली की छप्पर उतरवू. पंच म्हणजे मंडळीचा, चर्चच्या सभासदांचा, कारभार पाहणारे सात जण, आणि त्यांतले एक माझे बाबा, मिशनच्या दवाखान्यातले कंपाउंडर. लेंट सुरू झाला त्याच आठवड्यात कौलं खाली आली. बाकं व्हरांड्यात एकावर एक रचली. ज्यावर उभं राहून पाळकसाहेब उपदेश करत ते सागवानी पुलपीट गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून सामानाच्या खोलीत उभं केलं. आणि चाळीस दिवसांच्या उपासना कंपाउंडातल्या निंबाखाली, सतरंज्यांवर घ्यायचं ठरलं.

त्या पुलपिटावर बाईमाणसाने चढायचं नाही, असा आमच्या मंडळीचा जुना ठराव होता. बायबलातल्या पौलाने आपल्या एका तरुण सोबत्याला लिहिलेल्या पत्राचा त्याला आधार होता. बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, अशा अर्थाचं काही त्यात आहे. ठराव लिहिणाऱ्यांनी एक सवलत ठेवली होती: बायांनी लेकरांना शिकवायला हरकत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी मागच्या खोलीत लेकरांचा वर्ग भरे, आणि तो एस्तेरबाई घेत.

एस्तेरबाई बायबलबाई होत्या. म्हणजे मिशनने शिकवून तयार केलेल्या, खेड्यापाड्यांत हिंडून घरच्या बायांना शास्त्र, म्हणजे बायबल, समजावून सांगणाऱ्या बाई. बारीक काठाचं पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, पायांत टायरच्या चपला. लग्न केलेलं नव्हतं. वय तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल, पण आम्हाला त्या शंभराच्या वाटत. शिकवताना शुद्ध बोलत आणि रागावल्या की वऱ्हाडीवर येत. "पोट्टेहो, कान कुठी ठेवून आले?" असं त्यांनी विचारलं की आमचे हात खरंच कानांकडे जात.

लेकरांना शिकवण्यात अधिकार नसतो असं ज्यांना वाटलं, त्यांनी बाईंचा वर्ग कधी पाहिला नसावा. देवाविषयी माझ्या डोक्यात जे काही आहे ते सगळं त्या मागच्या खोलीत घातलं गेलं. नंतरच्या चाळीस वर्षांच्या उपदेशांनी त्यात फारशी भर घातलेली नाही. पाळकसाहेबांनी रागावू नये, पण खरं आहे ते आहे.

तर निंबाखालचा दुसरा दिवस. पाळकसाहेबांकडे धामणगाव आणि अंजनगावचीही मंडळी होती, लेंटमध्ये ते आठवड्यातले चार दिवस बाहेर असत. अशा दिवशी संध्याकाळी पंचांनी आळीपाळीने बोलायचं होतं. त्या दिवशी ज्यांची पाळी ते मास्तर परीक्षेच्या कामात अडकले. माणसं येऊन बसलेली. उपासना चालवायला बाबा होते. त्यांनी दोन गीतं म्हणवून घेतली, मग तिसरं, मग घसा साफ केला. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी डकवताना "दिवसातून तीनदा" एवढंच काय ते बाबा चारचौघांत बोलत. शेवटी ते म्हणाले, "बाई, तवर तुमी लेकराईले काही सांगा."

बाई जागच्या जागी उठल्या. आम्ही लेकरं पुढे बसलो होतो. आमच्याकडे पाहत त्यांनी पेत्राची, येशूला ओळखतच नाही म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याची, गोष्ट काढली. प्रभूला धरून नेलं आहे, पेत्र मागोमाग त्या मोठ्या घराच्या अंगणात शिरला आहे, आणि थंडी वाजते म्हणून नोकरचाकरांच्या शेकोटीजवळ हात शेकत बसला आहे. "शेकोटी कशाची असेल?" बाईंनी विचारलं. "पऱ्हाटीची!" आम्ही ओरडलो. कपाशीच्या वाळल्या काड्यांशिवाय दुसरं जळण आम्हाला ठाऊकच नव्हतं. मोठी माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. "थंडी वाजली, शेकोटीजवळ गेला, यात पाप नाही," त्या म्हणाल्या. "पण शेकोटी कोणाची होती? आणि तिथे ऊब घ्यायची तर तोंड मिटून बसावं लागतं, हे पेत्राला कधी कळलं?" मग त्यांनी आमच्यावरून नजर उचलली आणि मागच्या सतरंजीकडे पाहिलं. तिथे पंच होते, कारकून होते, नर्सबाया होत्या. "लेकरांनो," बाई म्हणाल्या, "हे घरी जाऊन आपापल्या बापाला विचारा."

मी विचारलं. बाबा जेवत होते. ते म्हणाले, "मीठ दे."

दुसऱ्या दिवशी माणसं लवकर आली. ज्यांची पाळी होती ते पंच आपणहून म्हणाले, आधी बाईंना लेकरांचं आटपून घेऊ द्या, मग मी बोलतो. लेकरांचं आटपायला तासभर लागला आणि त्यांना बोलायला वेळच उरला नाही. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच झालं. मग ती रीतच पडली. गीत, प्रार्थना, लेकरांचा वर्ग, शेवटची प्रार्थना, सलाम, घरी. मोठी माणसं लेकरांचा वर्ग संपायची वाट पाहत मागे बसलेली आहेत, असं सगळ्यांनी मिळून मानून घेतलं. ठराव जागच्या जागी होता. कोणी त्याला बोटही लावलं नव्हतं.

अर्धा लेंट सरला आणि परीक्षा आल्या. लेकरं येईनाशी झाली. एका संध्याकाळी पुढची सतरंजी अगदी मोकळी होती आणि मागे साठेक माणसं. आमच्यात एक म्हातारे पंच होते, ठराव तोंडपाठ असणारे. ते म्हणाले, "लेकरं तं नाईत आज. मंग बाई कोनाले सांगनार हाय?" प्रश्न वाजवी होता. बाबा उठले. आमचं घर कंपाउंडातच, शंभर पावलांवर. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी माझा दंड धरला. "चाल."

"बाबा, उद्या पेपर हाय."

"पुस्तक घेऊन चाल. तू नाई आली तं बाईले बोलता येत नाई."

त्यानंतरचे पंधरा-सोळा दिवस मी आमच्या मंडळीचं लेकरू होते. दोन वेण्या, वय तेरा, उंचीने बाईंच्या कानाला लागलेली, एवढ्या मोठ्या सतरंजीवर एकटी. बाई माझ्याकडे पाहून "लेकरांनो" म्हणत आणि बोलणं साठ माणसांशी करत. मी मांडीवर पुस्तक उघडून सनावळ्या पाठ करायची आणि एक कान वर ठेवायची. निंबाला तेव्हा बहर आला होता. ती पांढरी, तिळाएवढी फुलं पुस्तकाच्या पानांवर पडत, बाईंच्या शास्त्रावर पडत, मागच्या माणसांच्या टोप्यांवर पडत. दिवेलागण व्हायची. दवाखान्यातून वायर ओढून लावलेल्या एका बल्बभोवती किडे जमत, आणि खाली बाईंचा आवाज चालू असे, चढत नसे, उतरत नसे. इतिहासात त्या वर्षी मला जेमतेम चाळीस मार्क मिळाले. बाबांनी प्रगतिपुस्तक पाहून गुपचूप सही केली.

कंपाउंडाच्या भिंतीपलीकडे बौद्ध वस्ती होती. तिथल्या निर्मलाताई नळावरून येताना हंडा भिंतीवर टेकवून बाईंचं ऐकत उभ्या राहत. वस्तीत जयंतीची तयारी चाललेली, निळे झेंडे लागत होते, आणि या बाई इथे पेत्राचं काय झालं ते ऐकत. एकदा त्यांनी माझ्या आईला विचारलं, "वैनी, तुमच्याइथं बाईच बोलते काय रोज? लय सुदं सांगते वो." आई म्हणाली, "लेकराईले सांगते थे." निर्मलाताईंनी पुढच्या सतरंजीवर एकट्या बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, मागच्या साठ माणसांकडे पाहिलं. "लेकरं बरेच मोठे झाले तुमचे," त्या म्हणाल्या आणि हंडा उचलून गेल्या. आई घरी येईपर्यंत हसत होती.

बाबा कसे ऐकत, ते मला अजून दिसतं. मान किंचित तिरकी, तोंड थोडं उघडं. खिशातल्या औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात काहीबाही लिहून घेत. घरी येऊन आईला पुन्हा सगळं सांगत, जणू आई तिथे नव्हतीच. मी माझ्या बाबांना इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात ते दिवसभर दुसऱ्याने लिहून दिलेलं औषध मोजून देत. निंबाखाली त्यांना कोणी प्रश्न विचारत होतं, आणि उत्तर त्यांचं स्वतःचं असायला पाहिजे होतं. मला त्या हंगामाची ओढ लागते ती बहुतेक यासाठी. बाबा मागे बसलेले आहेत, मान वळवली की दिसतील, आणि समोर बाई आहेत. पुढे आयुष्यात अशी जागा मला कुठे मिळाली नाही.

लेंट संपत आला तशी बाईंनी एक दिवस तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोची गोष्ट घेतली. पौलाच्याच सोबतचं जोडपं. एक मोठा विद्वान वक्ता त्यांच्या गावी आला. बोले फार सुंदर, पण त्याचं शिक्षण अर्धवट होतं. या दोघांनी त्याला घरी नेऊन नीट शिकवलं. "दोघांनी," बाई म्हणाल्या, "आणि शास्त्रात तिथे बायकोचं नाव आधी आहे." म्हातारे पंच मागून बोलले, "घरी नेऊन सांगतलं, बाई. मंदिरात नाई." बाई शुद्ध सोडून वऱ्हाडीत म्हणाल्या, "काका, तवा मंदिरं होते कुठी? समदे घरातच तं जमत होते." हशा पिकला. म्हातारे पंचही हसले. पण त्या संध्याकाळनंतर हे लेकरांचं प्रकरण राहिलं नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं.

तोवर छप्पर तयार झालं होतं. पत्रे चढले, आतून नवा पांढरा रंग लागला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मंडळी परत आत जाणार होती. महिला मंडळाने पंचांना अर्ज दिला, की त्या दिवशीचा संदेश एस्तेरबाईंनी द्यावा, पुलपिटावरून द्यावा. अर्जावर आईची सही होती. पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात पंच बसले. त्यांनी तिथे काय काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. बाबा घरी आले, पाय धुतले आणि ताटावर बसले एवढं मी पाहिलं.

आईने भाकर वाढली. "काय ठरलं?"

"नाई म्हनलं समद्याईनं."

"तुमी?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्या बी."

"महिनाभर तोंड उघडं टाकून आयकत होते नं तुमी?"

"थे लेकराईसाठी होतं."

"तुमी काय लेकरू होते काय?"

बाबा म्हणाले, "बाहेरची गोष्ट अलग हाय. आत एक रीत हाय. वडीलधारे बसून हायेत. म्या एकट्यानं मोडू काय थे?" आईने दुसरी भाकर वाढली नाही. टोपलं त्यांच्यापुढे सरकवलं आणि उठून गेली.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही लेकरं झावळ्या हलवत, गीत म्हणत नव्या छपराखाली गेलो. पुलपिटाचं गोणपाट काढलं होतं, तेलपाणी केलं होतं. बाई बायांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसल्या, हातात शिंदीची झावळी, पातळ कडक इस्त्रीचं. पाळकसाहेबांनी चांगला संदेश दिला असावा. मला त्यातलं अक्षर आठवत नाही. उपासना सुटल्यावर बाहेर सगळे बाईंना सलाम करत होते आणि बाई हसून सलाम घेत होत्या. बाबा माझ्या शेजारी उभे होते. कोणीतरी म्हणालं, "बाईंचं मोठेपण आहे. पदाचा मोह कसा तो नाही." बाबांनी लगेच मान हलवली. "नाईच मोह. देवमानूस हाय."

हे वाक्य आमच्या मंडळीने पुढे वर्षानुवर्षं वापरलं. बाई मागच्या खोलीत लेकरांचा वर्ग घेत राहिल्या, निवृत्त झाल्या, अकोल्याला भाच्याकडे राहायला गेल्या. त्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणे, बाईंना मोह नव्हता, आणि सगळ्यांना बरं वाटे. मलाही वाटे. मीही म्हटलंय, कितीदा तरी.

बाबांना शेवटचा आजार झाला तेव्हा बाई अकोल्याहून भेटायला आल्या होत्या. त्याला वीस वर्षं झाली. बाबांना बोलायला त्रास व्हायचा. बाई स्टुलावर बसल्या, तब्येत विचारली, प्रार्थना केली. बाबा म्हणाले, "बाई, काही सांगा ना." मग दम घेऊन, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "थांबा. लेकराले बसू द्या अगुदर." मी तेहतीस वर्षांची, दोन मुलांची आई. मी खाली जमिनीवर बसले. बाई हसल्या, बाबा हसले, आणि बाईंनी अर्धा तास शास्त्र सांगितलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी रडत होते. तेव्हा मला वाटलं, चला, या दोघांचं मिटलं.

आता मी स्वतः पंच आहे. बाया पंच होऊ शकतात हे आमच्याकडे केव्हाच मान्य झालं. हिशेबाच्या वह्या आणि स्नेहभोजनाची भांडी सांभाळायची तर कोणाची हरकत नसते. पुलपिटाचा ठराव तेवढा राहिला होता. या वर्षी आमच्या तरुण पाळकसाहेबांनी तो बैठकीत आणला. मला वाटलं होतं, म्हातारे अडून बसतील. अडले ते तिशीतले तिघे. ते मोबाइलवर परदेशातले उपदेश ऐकतात आणि आपल्या आजोबांपेक्षा कडक बोलतात. एकाने मला पौलाचं ते वचन वाचून दाखवलं, मग म्हणाला, "आंटी, पर्सनली घेऊ नका." मी म्हटलं, "बाळा, तुला हे वचन शोधायला कोणी शिकवलं? मागच्या खोलीत मीच ना?" तो गोरामोरा झाला. पण त्याच्या मताचा आहे तो आहे, आणि मन लावून बोलत होता, हेही कबूल करते. आईने या पोरांचं काय केलं असतं, असा विचार मनात आला. शेवटी तिघे सोडून सगळ्यांनी हात वर केले आणि ठराव बदलला. पहिला संदेश कोणी द्यावा यावर मात्र कोणाचं दुमत नव्हतं. पत्र घेऊन अकोल्याला मी जाते म्हटलं.

एसटीने गेले. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला पळस फुललेला, शेतांत काळी ढेकळं उघडी पडलेली. मी खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होते. बाई नको म्हणतील, मला काय करायचं पुलपीट म्हणतील, आपण आग्रह करायचा. खरं तर मी खूष होते. तो जुना लेंट कोणीतरी माझ्या हातात परत देणार आहे, असं काहीसं वाटत होतं.

भाच्याच्या घरी पुढच्या खोलीत बाईंची खाट होती. आता सत्त्याऐंशी वय. अंगाने पार वाळल्या आहेत, पण डोळे तेच. "सलाम, बाई," मी म्हटलं. त्यांनी आवाजावरूनच ओळखलं. "कंपाउंडरची पोरगी सुनू नं वो? ये, बस." मी पत्र काढून वाचलं. एस्तेरबाईंनी लेंटच्या पाचव्या रविवारी पुलपिटावरून संदेश द्यावा, अशी मंडळीची विनंती.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. त्या छताकडे पाहत होत्या. मीच बोलायला लागले, जमवून ठेवलेलं सगळं. "बाई, तुम्हाला कधी मोह नव्हता ते आम्हाला माहीत आहे, पण मंडळीची फार..."

"कोनं सांगतलं तुले, मोह नव्हता म्हून?"

मी पत्राची घडी घातली.

"पायजे होतं मले," बाई म्हणाल्या. "लय पायजे होतं, सुनू. झावळ्याच्या रविवारचा संदेश लिवून तयार होता माहा. वर थे पत्रे ठोकत, अन् म्या खाली पानं लिवत बसो. समदा पाठ केला होता. मंग नाई म्हनलं तुमच्या पंचाईनं. तं म्या तिसऱ्या बाकावर बसून मनातल्या मनात देला पुरा. पाळकसाहेबाच्या अगुदर संपला माहा." त्या जरा हसल्या, आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. पदराने पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मला बाबांचा राग आला. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, त्यांच्यावर इतका राग मी ते होते तेव्हाही केला नव्हता. मान तिरकी करून ऐकणारे माझे बाबा, चिठ्ठ्यांवर लिहून घेणारे बाबा. त्यांना ठाऊक होतं. त्या माणसाला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं की या बाईजवळ काय आहे. आणि मला माझाही राग आला. चाळीस वर्षं मी त्या दिवसांना गोड आठवण म्हणून जपत होते. निंबाची फुलं, बल्ब, सतरंजी. त्याच दिवसांत माझ्यासमोर उभी असलेली बाई काय आशा धरून बोलत होती, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. तो लेंट मला अजूनही परत पाहिजे, पण आता वेगळ्या कारणाने पाहिजे.

"मग याल ना, बाई?" मी विचारलं. "गाडी करू. धरून वर चढवू."

"नाई वो. आता कुठी? उभं राहता येत नाई. आवाज नाई निंगत."

"बसून बोला. माइक आहे आता."

"नको. कोन्या पोरीले सांग." त्यांनी डोळे मिटले. भाचेसुनेने केलेला चहा मी प्यायले, बाईंना सलाम केला, पत्र त्यांच्या उशाशी ठेवलं आणि दाराशी येऊन चपला घालायला लागले. एक पाय चपलेत होता तेव्हा आतून हाक आली.

"सुनू. त्या रविवारचा उतारा कोनता हाय?"

उतारा म्हणजे त्या दिवशी उपासनेत शास्त्रातला जो भाग वाचायचा तो. संदेश त्यावरच द्यायचा असतो. मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

"पंच झाली अन् उतारा ठाऊक नाई?" बाई खाटेवर कोपर टेकवून उठायला पाहत होत्या. "लाव फोन पाळकाले. अन् माहा चष्मा दे इकडं, थो खिडकीत हाय पाय."